उचल दिली म्हणून माणूस बांधला जात नाही

वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत बागकाम आणि रोपवाटिका व्यवसायाविषयी आलेली चार पत्रे सक्तीची मजुरी या एकाच विषयाची होती, म्हणून या अंकातील सर्व जागा त्यांना दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी आणि माझे यजमान मिळून बागांच्या देखभालीचा छोटा व्यवसाय चालवतो. सात कामगार कायमचे आहेत. पाऊस संपल्यावर काम वाढते तेव्हा आणखी पाच-सहा जण ठेकेदाराकडून घेतो. आता एका मोठ्या हॉटेलच्या बागेचे काम मिळण्याची शक्यता आहे, पण त्यांनी ‘आधुनिक गुलामगिरी प्रतिबंध’ अशा मथळ्याचा चार पानी अर्ज भरून मागितला आहे. तो वाचून वाईट वाटले. आम्ही कामगारांना दुपारचे जेवण देतो, चवथीला कपडे देतो. आमच्याकडे गुलाम कुठून येणार? सही करून मोकळे व्हावे का?
— एक वाचक भगिनी, बार्देश

उत्तर : वाईट वाटणे साहजिक आहे, ‘गुलामगिरी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साखळदंडच येतात. पण हा अर्ज तुमच्यावरच्या संशयातून आलेला नाही. ब्रिटनमध्ये २०१५ साली या विषयाचा कायदा झाला आणि ज्या कंपन्यांची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक आहे, त्यांनी आपल्या कामात आणि आपल्याला माल व सेवा पुरवणाऱ्यांच्या कामात सक्तीची मजुरी शिरू नये म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे असे बंधन आले. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची मर्यादा घालून तसाच कायदा केला. परदेशी समूहाशी जोडलेले हॉटेल हा प्रश्न आपल्या पुरवठादारांना विचारते आणि तो अशा रीतीने बार्देशातल्या बागेपर्यंत येतो.

ते दोन्ही कायदे तुम्हाला थेट लागू नाहीत. तुम्हाला लागू आहे तो आपला कायदा, आणि त्यात उलाढालीची कोणतीही मर्यादा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने मानवी व्यापार, बिगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी घातली आहे, आणि वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा १९७६ पासून आहे. शिवाय १९८२ साली, आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत करून घेतलेले काम ही सक्तीचीच मजुरी होय, कारण दुसरा मार्ग नाही म्हणून जो माणूस कमी पैशांत राबतो त्याच्यावर परिस्थितीची सक्ती असतेच. मारहाण किंवा कुलूपबंद खोली असल्याशिवाय सक्ती होत नाही, हा समज त्या निकालाने मोडून काढला.

म्हणून सही करण्यापूर्वी अर्ज दोन दिवस बाजूला ठेवा आणि प्रत्येक कामगाराबद्दल, ठेकेदाराने पाठवलेल्यांसकट, स्वतःला एकच प्रश्न विचारा : हा माणूस उद्या सकाळी काम सोडून जायचे म्हणाला, तर जाऊ शकेल का? त्याचे आधार कार्ड आणि एटीएम कार्ड त्याच्याजवळ आहे का, पगार कुणी अडकवून ठेवलेला नाही ना, डोक्यावरची उचल किती आणि ती फिटेपर्यंत जायचे नाही असे त्याला कुणी बजावले आहे का? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीची अकरा लक्षणे सांगितली आहेत. त्यांत कागदपत्रे काढून घेणे, वेतन रोखणे, कर्जात अडकवणे, फसवून आणणे, धमकावणे, एकटे पाडणे आणि हद्दीबाहेर कामाचे तास वाढवणे ही लक्षणे आपल्या व्यवसायात सर्वांत लवकर दिसणारी आहेत.

तुमच्या सात जणांच्या बाबतीत उत्तर बहुधा समाधानकारक येईल. खरी चौकशी त्या पाच-सहा जणांची करायची आहे, ज्यांची नावेही कदाचित तुम्हाला ठाऊक नसतील. दोन वर्षांपूर्वी अशाच एका ठेकेदाराची वही मी पाहिली. शाळेची साधी रेघांची वही, प्रत्येक मजुराला एक पान. डाव्या बाजूला सर्वांत वर ‘उचल २५,०००’ आणि त्याखाली तांदूळ, मोबाईलचे रिचार्ज, तापाचे औषध, खोलीभाडे, आणि जागोजागी ‘खाडा ३००’. म्हणजे माणूस आजारी पडून घरी राहिला की त्या दिवसाची मजुरी तर जाईच, वर कर्जही तीनशे रुपयांनी वाढे. उजव्या बाजूला, जिथे मजुरी जमा दिसायला हवी, अकरा महिने एकही आकडा नव्हता. पानाच्या तळाशी मात्र निळ्या शाईचा अंगठा होता. हा माणूस त्या अकरा महिन्यांत रोज कुणाच्या तरी बागेत हिरवळ कापत होता, आणि त्या बागांच्या मालकांनी ठेकेदाराचे पैसे वेळेवर चुकते केले होते.

तेव्हा ठेकेदाराला सांगा की प्रत्येकाची मजुरी त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात गेली पाहिजे आणि हजेरीपटाची व वेतनपत्रकाची प्रत दर महिन्याला तुमच्याकडे आली पाहिजे. खाते असले तरी त्याला कुणाचा मोबाईल क्रमांक जोडला आहे तेही पाहावे. तीन मजुरांच्या खात्यांना मुकादमाचाच क्रमांक असेल तर ती खाती त्यांची नव्हेत. जोडपे कामावर असेल तर बाईची मजुरी तिच्या नावाने वेगळी द्या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात, तीच पद्धत बागेतल्या खुरपणीतही आली आहे, आणि बाईचे श्रम कुठल्याच कागदावर दिसत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत किमान वेतन सर्व प्रकारच्या कामांना आहे, आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यापर्यंत येते. त्यामुळे ‘तो ठेकेदाराचा माणूस आहे’ हे उत्तर कायद्यापुढे टिकणारे नाही.

चवथीच्या कपड्यांबद्दल एक शब्द लिहिते, आणि तो तुम्हाला दुखावण्यासाठी नाही. गोव्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल की काही भाटकारही (जमीनमालक) मुंडकाराच्या, म्हणजे त्यांच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, घरी सणाला कपडे पाठवत असत, आणि हाक येईल तेव्हा मुंडकाराने राबायला यावे हेही सोबत गृहीत असे. मुंडकाराला ‘नाही’ म्हणता येत नव्हते, कारण त्याचे छप्पर भाटकाराच्या जमिनीवर होते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्या छपराला संरक्षण दिले. आज व्हिलाच्या मागच्या खोलीत राहून बाग सांभाळणाऱ्या माणसाचे छप्पर, पगार आणि गावी जायची रजा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात असतात, आणि तो माणूस बहुतेक वेळा गोव्यात राहतही नाही. तुमचे कामगार ज्या बागांमध्ये जातात तिथे असा कुणी एकटा माळी किंवा राखणदार भेटत असेल, तर त्याची विचारपूस करायला त्यांना सांगा.

अर्जात ‘आमच्याकडे असे काही नाही’ असे एका ओळीत लिहू नका. काय तपासले, काय आढळले, काय सुधारले आणि काय अजून बाकी आहे ते लिहा. जे हॉटेल प्रामाणिकपणे विचारत असेल त्याला हेच उत्तर हवे असते.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यात रोपवाटिका चालवतो. उत्तर कर्नाटकातल्या एका कामगाराला बहिणीच्या लग्नासाठी ४० हजार रुपये दिले होते; दरमहा २ हजार पगारातून कापायचे ठरले. आठ महिन्यांनी तो म्हणतो की वडील आजारी आहेत, कायमचे गावी जायचे आहे. २४ हजार बाकी आहेत. मित्र सांगतात की त्याचे आधार कार्ड आणि शेवटचा पगार अडकवून ठेव, नाहीतर त्याच्या धाकट्या भावाला कामावर बोलाव. मी कुणावर अन्याय करणारा माणूस नाही, पण पैसेही बुडवून चालणार नाहीत.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मित्रांचा सल्ला मानू नका. त्यांनी सुचवलेल्या तिन्ही गोष्टी तुम्हाला एका साध्या देण्याघेण्यातून उचलून गुन्ह्याच्या दारात नेऊन उभ्या करतील.

उचल देणे बेकायदेशीर नाही. गरजेला पैसे पुढे करणारा मालक अनेकदा सावकारापेक्षा बरा असतो, आणि तुम्ही व्याज लावले नाही हे पत्रावरून दिसते. बेकायदेशीर ठरते ती उचलीला बांधलेली अट : पैसे फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचे नाही, गावाबाहेर जायचे नाही, ठरलेल्या मजुरीपेक्षा कमी घ्यायची, आपण नाही तर घरातल्या कुणी तरी येऊन राबायचे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची जी व्याख्या केली आहे तिच्यात या सर्व गोष्टी आहेत, आणि घरातल्या माणसाचे श्रमही तिच्यात स्पष्टपणे येतात. म्हणजे धाकट्या भावाला बोलावणे हा मधला मार्ग नसून त्या पद्धतीचे सर्वांत जुने रूप आहे. एकदा हे नाते वेठबिगारीचे ठरले की कलम ६ प्रमाणे कर्ज संपुष्टात येते, म्हणजे तुमचे २४ हजार कायद्यानेच बुडतात; त्यानंतर ते वसूल करणे हाही गुन्हा होतो; आणि वेठबिगारी करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. हे कर्ज वेठबिगारीचे नव्हते असे दाखवण्याचा भार कलम १५ ने पैसे देणाऱ्यावर टाकला आहे. हरियाणातील दगडखाणींच्या प्रकरणात, डिसेंबर १९८३ मधील निकालात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले, तर ते कुठल्या तरी उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे. निरक्षर मजुराने कर्जाचा कागद आणायचा कुठून, हा त्यामागचा साधा विचार होता.

आता काय करावे ते सांगते. आधार कार्ड तुमच्याकडे असेल तर ते आजच परत करा. पोलीस पडताळणीसाठी घेतले आणि मग कपाटातच राहिले, असे अनेक मालक सांगतात आणि ते खरेही असते. पण पडताळणीला प्रत पुरते, आणि कपाटात राहिलेले कार्ड कामगाराच्या मनात काय करत असते ते मालकाला कळत नाही. त्याच्याशिवाय त्याला बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात अडते आणि गावी परतायचा विचार बोलून दाखवायलाही तो घाबरतो.

शेवटचा पगार नोकरी सोडल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. आगाऊ दिलेल्या रकमेपोटी त्यातून कपात करता येते, पण कोणत्याही वेतनकाळातील एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. आणि आजारी बापाकडे निघालेल्या माणसाच्या बाबतीत तुम्ही ठरलेले २ हजारच कापावेत असे मी सुचवेन. उरलेल्या रकमेचा हिशेब त्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे बहुधा कन्नडमध्ये, लिहून दोघांनी एकेक प्रत ठेवा आणि तो दरमहा किती पाठवू शकेल ते त्यालाच ठरवू द्या. ते पैसे त्याचे तुमच्याकडचे साधे देणे आहे. तो ते बुडवील ही भीती खरी आहे, आणि बुडवले तर दिवाणी मार्गाने मागण्यापलीकडे तुमच्या हाती काही नाही, हेही खरे आहे. त्या भीतीची किंमत त्याच्या पायावर बसवायची नाही.

यापुढे उचल एका महिन्याच्या पगाराच्या आत ठेवा, तिला व्याज लावू नका, दर महिन्याच्या पगारपत्रकावर शिल्लक छापा आणि ‘काम सोडले तरी जाण्यास हरकत नाही’ हे वाक्य त्या कागदावर लिहून ठेवा. जून ते सप्टेंबर काम मंदावते तेव्हाच कामगार उचल मागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. पावसाळ्यात कुंड्या भरणे, कलमे बांधणे, रोपे पिशव्यांत लावणे अशी छपराखालची कामे राखून ठेवून थोडी तरी मजुरी चालू ठेवली, तर निम्मी उचल मागितलीच जाणार नाही.

प्रश्न : आम्ही बंगल्यांच्या बागा तयार करून देतो. हिरवळीचे गालिचे परराज्यातून येतात, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तमिळनाडूतून, रोपे आंध्रातल्या कडियमहून, चिरे इथलेच, आणि पायवाटेचे दगड राजस्थानचे. आमची खरेदी इतकी लहान की कुणी आम्हाला जुमानणार नाही. एवढ्या लांबच्या मजुरांची चौकशी आमच्यासारख्याने कशी करायची?
— एक वाचक, सासष्टी

उत्तर : सर्वांची चौकशी एकदम करता येणार नाही आणि कुणी तुमच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. जिथे धोका जास्त तिथून सुरुवात करावी, आणि तुमच्या यादीत तो दगडात आहे.

राजस्थानचा वालुकाश्म अनेक वर्षे युरोपातल्या बागांच्या पायवाटांसाठी जातो. बुंदी जिल्ह्यात घराच्या अंगणात बसून छोटे चौकोनी दगड घडवणारी मुले, खाणमालकाच्या उचलीत अडकलेली कुटुंबे आणि दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हे सर्व तिथल्या संघटनांनी आणि अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा पुढे आणले आहे. या आजारात फुप्फुसे हळूहळू निकामी होतात आणि त्यावर बरे करणारा उपचार नाही. कर्ता माणूस खोकत अंथरुणाला खिळतो, औषधासाठी नवी उचल घेतली जाते, आणि तिच्यापोटी बायको किंवा मुलगा खाणीवर जातो. राजस्थान सरकारला २०१९ साली या फुप्फुसांच्या आजारांसाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले, यावरून व्याप्ती लक्षात यावी. व्यापाऱ्याला विचारा की दगड कुठल्या खाणीतला, घडवला कुठे, कारखान्यात की घरोघरी, आणि घडवणाऱ्याला नगावर पैसे मिळतात की दिवसावर. हाताने घडवलेला लहान दगड घरोघरचा असेल आणि व्यापारी त्याबद्दल बोलायला तयार नसेल, तर यंत्राने कापलेली फरशी घ्या किंवा इथल्या चिऱ्याची पायवाट करा. गोव्याच्या पावसात शेवाळलेला चिरा वालुकाश्मापेक्षा मला तरी अधिक शोभून दिसतो.

चिऱ्यांच्या बाबतीत तुम्ही स्वतः जाऊ शकता, हा मोठा फायदा आहे. ट्रकवाल्याकडे खाणीचा परवाना आणि वाहतुकीचा पास मागा. ज्या खाणीची नोंदच नाही, तिथल्या मजुरांचीही नोंद असणार नाही. मग एखाद्या दुपारी जेवणाच्या वेळी खाणीवर जा. मजूर राहतात त्या पत्र्याच्या खोलीला कडी आतून आहे की बाहेरून, पिण्याचे पाणी कुठून येते, शाळेच्या वयाची मुले तिथे काय करत आहेत, आणि तुम्ही मजुराशी बोलू लागल्यावर उत्तर तो देतो की मुकादम, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. पण मुकादमासमोर ‘तुला पगार मिळतो का?’ असे विचारू नका. तुम्ही निघून जाल, तो तिथेच राहणार आहे.

कोकोपीट आणि रोपे यांच्या बाबतीत वर्षातून एकदा लेखी प्रश्न पाठवावा आणि जो पुरवठादार सरळ उत्तर देतो त्याच्याकडे खरेदी वळवावी. एवढे सध्या पुरे. एकट्याची खरेदी लहान असेल, पण सासष्टी आणि मुरगाव मिळून तुमच्यासारखे दहा जण एकच ट्रक मागवत असतील, तर प्रश्नही दहा जणांनी मिळून विचारता येतो.

आता हिरवळीच्या गालिच्यांबद्दल, आणि इथे मला आपल्याच बाजूकडे बोट दाखवावे लागते. एक माणूस दिवसभरात किती चौरस फूट हिरवळ बसवतो हे तुम्हाला नेमके माहीत आहे. त्या कामाला गोव्याने अधिसूचित केलेले किमान वेतन, महागाई भत्त्यासह, लावून पाहा. त्यात वाहतूक, भाडे आणि ठेकेदाराचा रास्त नफा मिळवा. तुम्ही घासाघीस करून ठरवलेला दर या बेरजेच्या खाली जात असेल, तर उरलेले पैसे कुणाच्या तरी मजुरीतून काढले जाणार हे कागदावरच दिसते. अशा दराने काम देऊन वर ठेकेदाराकडून ‘आम्ही वेठबिगारी करत नाही’ असे लिहून घेण्यात अर्थ नाही. तसेच ‘परवा गृहप्रवेश आहे, उद्या रात्रीपर्यंत बाग तयार हवी’ असे ग्राहकाला कबूल केले की रात्रभर कुणाला तरी जागवले जाणारच. दर आणि मुदत या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत, राजस्थानची खाण नाही.

एखाद्या पुरवठादाराकडे गैर आढळले तर खरेदी तडकाफडकी बंद करू नका. त्याने मजुराचे कामही जाते आणि उचल तशीच राहते. कागदपत्रे परत करणे, थकलेली मजुरी देणे, उचलीची अट काढणे यासाठी मुदत घालून द्या आणि स्वतः पाहून या. मात्र मारहाण, कोंडून ठेवणे किंवा लहान मुले दिसली, तर मुदत देण्याचा प्रश्न येत नाही. तातडीचा धोका असेल तर ११२ वर कळवा आणि आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, कारण वेठबिगारांची मुक्तता करण्याचे अधिकार १९७६ च्या कायद्याने त्यांना आहेत. मजुरी थकल्याची तक्रार पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करता येते. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. मुक्त झालेल्या मजुराला केंद्राच्या पुनर्वसन योजनेतून ३० हजार रुपयांपर्यंत तातडीची मदत मिळू शकते. ती मागून घ्यावी लागते. त्या अर्जासाठी त्याच्यासोबत कचेरीत जाणारा कुणी तरी असावा, आणि तो तुम्ही असू शकता.

प्रश्न : पेडणे तालुक्यात आमच्या शेजारच्या व्हिलाची बाग करायला ठेकेदाराने चार माणसे आणली आहेत. त्यांतला एक मुलगा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा दिसतो. तो दिवसभर मातीची घमेली वाहतो आणि रात्री तिथेच अवजारांच्या खोलीत झोपतो. ठेकेदार म्हणतो, ‘पुतण्या आहे, सुट्टीत आला आहे.’ आता शाळा सुरू होऊन महिना झाला. दुसऱ्याच्या आवारात आपण बोलावे का?
— एक वाचक भगिनी, पेडणे

उत्तर : हे उत्तर तुम्हाला पत्र मिळाले त्याच दिवशी दूरध्वनीवरून कळवले होते; इतरांसाठी येथे देत आहे.

होय, बोलावे, पण ठेकेदाराशी नव्हे. त्याला विचारलेत तर रात्रीतून मुलाला दुसऱ्या कामावर हलवले जाईल आणि मग तो सापडणार नाही. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे १९८६ च्या बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने पूर्णपणे बंद झाले आहे. त्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. कुटुंबाच्या कामात शाळेनंतर हातभार लावण्याची जी सवलत आहे, ती ठेकेदाराने मजुरीसाठी आणलेल्या मुलाला मिळत नाही, मग तो खरोखर पुतण्या असला तरी. वयाची खात्री करणे हे तुमचे काम नाही. शंका कळवणे पुरेसे आहे. सुटका झालेल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे नेतात आणि पुढचा निर्णय ती समिती घेते, त्यामुळे त्याला परस्पर गावी पाठवण्याची घाई कुणी करू नये.

फोन करताना व्हिलाची जागा नीट ओळखता येईल अशी खूण सांगा, कामाची वेळ सांगा, मुलगा रात्री तिथेच झोपतो हे सांगा. आणि तो कोणती भाषा बोलतो ते ऐकून ठेवले असेल तर तेही सांगा, म्हणजे येणाऱ्या माणसांना त्याच्याशी बोलू शकणारे कुणी तरी सोबत आणता येईल.